बाहेरच्यांचा पाव

९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर नाव बाबांचं होतं, फोडलं मी. राग आला तर गिळ. बाबांचा उजवा हात उशीवर नुसता पडून असतो आणि तोंडातून शब्द फुटत नाही, हे तुला दोनदा कळवलंय. तेव्हा त्यांची पत्रं फोडायची, मोठ्याने वाचायची आणि तुझा उतू जाणारा उत्साह त्यांच्या अंगावर सांडू द्यायचा, हेही काम माझ्याच गळ्यात. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

चार पानं लिहिलीस. त्यात बापाच्या तब्येतीबद्दल दीड ओळ. उरलेल्यात काय, तर तू जिथे भट्टी बसवायला गेला होतास तिथल्या चर्चमध्ये लोक चपला बाहेर काढतात, बायका पांढरे कपडे घालून येतात, ढोल वाजतो आणि दान द्यायची वेळ झाली की अख्खी मंडळी नाचत नाचत पुढे जाते. एक म्हातारी तर म्हणे काठी टाकून नाचली. छान. आमच्याकडेही एक म्हातारा आहे. तो काठी टाकून पलंगावर पडलाय. त्याला कुशीवर वळवायला तुझी ती म्हातारी येते का विचार.

मी ते पत्र वाचणार नव्हते. बाबांनी डाव्या हाताने पलंगाची कड ठोकून ठोकून वाचायला लावलं. मला वाटलं, ढोलापाशी आले की तोंड फिरवतील. तू लहानपणी चर्चमधल्या गीतावर टाळी वाजवलीस म्हणून कानाला धरून तुला शेवटच्या बाकावर नेऊन बसवणारा माणूस तो. आपल्या चर्चच्या मंडळीचे मुख्य पंच. कुणी कुठे बसायचं, प्रभुभोजनाच्या टेबलाशी भाकर-द्राक्षारस घ्यायला कुणी यायचं आणि कुणी नाही, हे सगळं त्यांच्या भुवईवर ठरायचं. तर ती म्हातारी नाचली तिथे ते हसले. आता तोंड अर्धंच हसतं, पण हसले. आणि डाव्या बोटांनी कडेवर ठेका धरला. बराच वेळ.

मला ते अजिबात आवडलं नाही. ज्या ठेक्यापायी तुला कान धरून उठवलं तो ठेका तू पोस्टाने पाठवतोस आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू येतं. मी जन्मभर हात मांडीवर ठेवून पहिल्या बाकावर बसले. मला कुणी असं हसून दाखवलं नाही.

पत्रं पाठवू नकोस. पाठवायचंच असेल तर स्वतःला पाठव.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

पालथ्या घड्यावर पाणी. पुन्हा पत्र, पुन्हा चार पानं.

या वेळी गप्प बसणाऱ्यांकडे जाऊन आलास. पाळक नाही, गीत नाही, टेबल नाही, भाकर नाही. गोल बसायचं आणि ज्याला आतून सुचेल त्यानेच बोलायचं. तासभर कुणालाच काही सुचलं नाही. शेवटी एका आजोबांच्या पोटात गुरगुरलं आणि तू लिहितोस, 'ताई, खरं सांगतो, तीही प्रार्थनाच वाटली.' तुला काय, गाढव ओरडलं तरी स्तोत्र वाटेल. कुठेही जातोस, कुणाच्याही बाकावर बसतोस आणि सगळंच गोड लागतं. दुरून डोंगर साजरे. जवळच्या डोंगराची धुणी मी धुते.

पण गंमत ऐक. त्या आजोबांच्या पोटापाशी बाबा हसले आणि तोंडात टोस्टचा घास होता. घशात अडकला. चेहरा निळा पडला. मी त्यांच्या पाठीवर मारत होते आणि मनातल्या मनात तुझ्या. निघाला शेवटी. संध्याकाळी नर्सबाई आल्या, मला फैलावर घेतलं. "ताई, कोरडं काही द्यायचं नाही. पाण्यासारखं पातळही नाही. मऊ भिजवायचं, चमच्याने द्यायचं, थोडं थोडं. घाई केलीत तर फुफ्फुसात जाईल आणि मग मला बोलावून उपयोग नाही." तेव्हापासून एका जेवणाला अर्धी दुपार जाते.

बेकरीचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. चालू आहे. तू इतरांच्या भट्ट्या बसवतोस, आपल्या भट्टीचं दार अजून तारेने बांधलेलं आहे. शनिवारी विक्रीच्या मालाखेरीज दोन पाव होतात. एक आपल्या मंडळीचा बेखमीर. पीठ आणि पाणी, बस. बाबांनी शिकवला तसाच, पातळ आणि कडक, मोडला की आवाज येतो.

दुसरा धूपवाल्यांचा, म्हणजे उपासनेत धूप जाळणाऱ्या त्या दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांचा. तू गेल्यावर ते आले, म्हणून सांगते. त्यांना स्वतःचं चर्च नाही, म्हणून आपली उपासना संपली की दुपारी आपलंच चर्च वापरतात. बाबांनी विरोध केला होता, पण पंचांत मतं फुटली. बाबा हरले, असं ते एकदाच. या धूपवाल्यांचा पाव फुगलेला लागतो, आणि फुगलेल्या पावावर लाकडी ठशाचा क्रूस मात्र स्वच्छ उठायला हवा. ठशाभोवती काडीने टोचलं नाही तर खाली हवा धरते आणि क्रूस मधोमध फाटतो. फाटलेला पाव त्यांचे दाढीवाले पाद्री घेत नाहीत. सुरुवातीला मी दोनदा मुद्दाम टोचलं नाही. त्यांनी दोन्ही वेळा पाव परत केला आणि दोन्ही वेळा माझे आभार मानले. असल्या माणसाशी भांडताही येत नाही.

दुपारी ट्रे परत आणायला जाते तेव्हा त्यांचं संपतच आलेलं असतं. सगळे उभे. आपले बाक त्यांनी भिंतीला लावलेले. मुलं मोठ्यांच्या पायांमधून रांगतात, म्हाताऱ्या संतांच्या चित्रांचे मुके घेतात, धूर इतका की आपली गीतांची पुस्तकं आठवडाभर वास मारतात. आणि शेवटी ते पाद्री दारात उभे राहून पावाचे तुकडे वाटतात. येईल त्याच्या हातावर! वाढदिवसाच्या केकसारखं प्रभुभोजन वाटायचं! माझ्याही हातावर एक ठेवतात. मी काय त्यांच्यातली आहे? आपल्या टेबलाशी यायला पोराबाळांना वर्षवर्ष शिकावं लागतं, आणि यांच्याकडे ट्रे न्यायला आलेल्या बाईलाही चालतं. मी तो तुकडा रुमालात बांधते आणि कोपऱ्यावर चिमण्यांना घालते.

हे बाबांना सांगितलं नाहीये. तूही लिहू नकोस.

ताई


६ मार्च

धाकट्या,

तू काय करून ठेवलंस ते तुला कळतं का?

डोंगरातल्या गावाचं पत्र. तू बेकरीची भट्टी दुरुस्त करत होतास, समोरच्या चर्चमधून पाद्री निघाले, त्यांच्या कोटाखाली गळ्यात लहानशी डबी होती, आणि तू विचारलंस तर त्यांनी ओठांवर बोट ठेवून सोबत चलण्याची खूण केली. रस्त्यात कुणाशी बोलले नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या एका बाईच्या घरी गेलात. घरच्यांनी मेणबत्ती लावली. डबीतला भाकरीचा कण द्राक्षारसात भिजवून पाद्रींनी तो तिला चमच्याने दिला. खाली सांडू नये म्हणून तिच्या हनुवटीखाली कापड धरायचं होतं, ते तुला धरायला दिलं. तू लिहितोस, 'माझे हात थरथरत होते.'

हे वाचताना बाबांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातात अजून जोर आहे. सोडेचनात. मी पुन्हा वाचलं. मग कड ठोकली, आणखी एकदा वाचलं. दुसऱ्या दिवशी तुझी पत्रं ठेवते त्या फळीकडे बोट, तेच पत्र. ढोलाचं नको, गप्प बसणाऱ्यांचं नको, तेच. चमच्याची ओळ आली की त्यांचं तोंड जरासं उघडतं. त्यांना ते कळतही नसावं. मला कळलं.

मला भयंकर राग आला.

आईने मागितलं होतं, धाकट्या. याच पलंगावर. तू दाराशी होतास, मी तिच्या पायाशी. ती म्हणाली, "अहो, मला एकदा भाकर द्या ना." आणि हे काय म्हणाले? "टेबल चर्चमध्ये आहे. ते घरोघर हिंडत नाही. प्रभू तुला ओळखतो, तुला भाकरीची गरज नाही." पाळक तयार होते. यांनी पंचांचा ठराव करून घेतला. आपल्याच बायकोविरुद्ध. आईने परत मागितलं नाही, भिंतीकडे तोंड केलं, आणि तशीच गेली. तिला पुरलं त्या दिवशी तू सगळ्यांसमोर त्यांना 'कंजूष वाढपी' म्हणालास आणि बॅग उचलून निघून गेलास. लोक अजून ते वाक्य सांगतात. तुझं वाक्य राहिलं आणि मी राहिले. कुणीतरी भट्टी पेटवायला हवी होती.

आता यांना हवी. आता गरज आहे भाकरीची!

मी पत्राची घडी केली आणि म्हटलं, "बाबा, टेबल चर्चमध्ये आहे."

त्यांनी डोळे मिटले. मला बरं वाटलं. अगदी खरं सांगते, बरं वाटलं. तुला मायाळू बहीण हवी असेल तर तुझ्या त्या देशोदेशींच्या चर्चमध्ये शोध.

मी कुणाला विचारणार नाही. पंचांना नाही, पाळकांना नाही. पेरलं ते उगवलं.

ताई


१८ मार्च

विचारलं.

का विचारलं, ते विचारू नकोस. ते जेवेनासे झाले. ओठ घट्ट मिटून घ्यायचे. नर्सबाई म्हणाल्या, "घशाचं नाही हे ताई, मनाचं आहे." आता मन चमच्याने कसं भरवायचं? मी पदर खोचला आणि पंचांपुढे जाऊन उभी राहिले.

तिघे होते. घड्याळवाले, औषधवाले आणि नवे पाळक, जे अजून सगळ्यांना घाबरतात. मी सांगितलं, वडील चर्चला येऊ शकत नाहीत, भाकर घरी आणा, भिजवून चमच्याने द्या.

घड्याळवाले म्हणाले, "बाई, ही शिस्त तुमच्या वडिलांनीच घालून दिली. त्यांच्यासाठी ती मोडली तर त्यांचाच अपमान."

औषधवाले म्हणाले, "आणि उद्या ते बोलायला लागले तर आम्हाला फाडून खातील."

पाळक बुटांकडे बघत म्हणाले, "मी घरी येऊन प्रार्थना करतो ना."

"प्रार्थना चमच्यात बसते का?" मी म्हटलं, आणि बाहेर आले. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून हसले. येणाराजाणारा बघत होता. आपल्याच हाताने आतून कडी लावायची आणि मग बाहेर अडकायचं. असा बाप आपल्यालाच मिळायचा होता.

त्याच दिवशी तुझं कार्ड. 'ताई, धूपवाल्यांच्या पाद्रींना विचार, त्यांच्याकडे चमचा असतो.' उंटावरून शेळ्या हाकायला तुझ्यासारखा तूच. पण गेले. रविवारी ट्रे आणायला जायचंच होतं. लोक पांगेपर्यंत थांबले आणि बाबांचं सांगितलं.

पाद्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तो चमचा आमच्यात आलेल्यांसाठीच आहे. मला वाईट वाटतं, पण ते माझ्या हातात नाही."

"म्हणजे तुमच्याकडेही कडी आहे," मी म्हटलं.

"आहे," ते म्हणाले. लपवलं नाही.

माझा तोल गेला. म्हटलं, "मग दर रविवारी दारात उभे राहून वाटता ते काय? मला देता, रस्त्यावरच्या माणसाला देता, त्या पलीकडच्या दारुड्यालाही देता. तो तर कुठल्याच चर्चचा नाही. त्याला चालतं आणि माझ्या बापाला नाही?"

ते म्हणाले, "बाई, तुम्हाला ते प्रभुभोजन वाटलं?"

"मग काय आहे?"

त्यांनी मला माझाच पाव समजावून सांगितला. मी ठसा मारते तो मधला भाग ते कापून घेतात. तो वेदीवर जातो, चमच्यात जातो, तो त्यांच्यातल्यांचा. कडेचा जो उरतो त्यावरही प्रार्थना होते, पण तो प्रभुभोजन नव्हे. तो दारात द्यायचा. जे टेबलापर्यंत येऊ शकले नाहीत त्यांना, आणि बाहेरून आलेल्यांना. कुणी रिकाम्या हाताने परत जाऊ नये म्हणून. "तो बाहेरच्यांचाच पाव आहे," ते म्हणाले. "तुम्ही इतकी वर्षं नेता, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. घरी कुणाला देता?"

"चिमण्यांना," मी म्हटलं.

मला वाटलं, आता मला हाकलतील. ते दाढी हलेपर्यंत हसले. "त्याही बाहेरच्याच," म्हणाले, आणि ताटातला मोठा तुकडा माझ्या रुमालात ठेवला. नेहमीपेक्षा मोठा.

तुझ्या पत्रांमधून बाबांना कळलं असेल की लोक देवापुढे नाचतात, गप्प बसतात, उभे राहतात, मुके घेतात. मला एवढंच कळलं की सगळ्यांच्या दाराला कडी असते. काहीजण कडीच्या बाहेर थोडं खायला ठेवतात, इतकाच फरक. तो लहान आहे असं मी म्हणत नाही. पण त्यावर चार पानं लिहिणार नाही.

रुमाल समोर आहे. अजून त्यांना दिला नाही. द्यायची इच्छा होत नाहीये.

ताई


१९ मार्च

धाकट्या,

कालचं पत्र पोस्टात टाकायचं राहिलं. हे त्याच पाकिटात घालते.

दिला. दूध कोमट केलं, पावाचा कडेचा भाग काढला, आतला मऊ भाग कुस्करून भिजवला. फुगलेला पाव दूध कसा ओढून घेतो तुला माहीत आहे. आपला बेखमीर भिजवला असता तर टाळूला चिकटला असता. म्हणजे पंच हो म्हणाले असते तरी बाबांना आपला पाव गिळता आला नसता. हे मला, बेकरीवालीला, वाटीत चमचा फिरवताना सुचलं.

मी त्यांना फसवलं नाही. उशी उंच केली, समोर बसले आणि स्पष्ट सांगितलं. "बाबा, पंच नाही म्हणाले. तुमचाच नियम दाखवला. धूपवालेही नाही म्हणाले. त्यांचा त्यांचा नियम आहे. हे प्रभुभोजन नाही. त्यांच्या पावाचं उरलेलं आहे. जे टेबलाशी येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी दारात ठेवतात. बाहेरच्यांसाठी. तुम्ही आता बाहेरचे आहात. चालेल?"

हे शेवटचं मी मुद्दाम म्हटलं. मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

त्यांनी वाटीकडे बघितलं. मग डावा हात उचलला आणि माझं मनगट धरून चमच्यासकट बाजूला ढकललं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मनात येऊन मी उठायलाच लागले. तर त्यांनी मनगट सोडलं नाही. ढकलतच राहिले, एकाच बाजूला, खिडकीकडे. तिथे आईची खुर्ची आहे. हल्ली मी तिच्यावर धुतलेली फडकी ठेवते.

ते तोंडातून काहीतरी काढायचा प्रयत्न करत होते. शब्द झाला नाही. पण मला कळलं, आणि तुलाही कळलं असतं. आधी तिला.

मी ओरडले. शेजारी ऐकू गेलं असेल तर जाऊ दे. "ती नाहीये, बाबा! तेव्हा द्यायचं होतं! तिने मागितलं तेव्हा!"

ते रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही. मीही रडले. रागाने रडले, उगाच भलता अर्थ काढू नकोस. मग रुमालातला कोरडा तुकडा मोडला आणि नेऊन आईच्या खुर्चीवर, त्या फडक्यांवर ठेवला. आपल्या मंडळीतल्या कुणी पाहिलं असतं तर मला शेवटच्या बाकावरही बसू दिलं नसतं.

मी परत येऊन बसले तेव्हा त्यांनी तोंड उघडलेलं होतं.

पहिला चमचा बराच वेळ तोंडात होता. मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले. गळा हलला. ठसका लागला नाही. मी दुसरा भरला नाही, म्हटलं बघू. त्यांनी पलंगाची कड ठोकली.

वाटी संपवली. आज सकाळी नेहमीचं जेवणही गेलं.

आता नीट वाच. मी बाबांना माफ केलेलं नाही. ते काम आईचं होतं, ती नाही, आणि तिच्या वतीने मी कोण. तुला तर मुळीच नाही. तू एक वाक्य फेकून गेलास आणि मी रोज त्या वाक्याखाली राहते. भट्टीचं दार तारेने बांधलेलं आहे, तेही तुझ्याच खात्यावर.

खुर्चीवरचा तुकडा मी चिमण्यांना घातला नाही, खाल्लाही नाही. मधल्या बोटाएवढा आहे. तो तुझा समजते, कारण बाहेरचा म्हणशील तर तुझ्याइतका बाहेरचा या घरात दुसरा नाही. कडक होत चाललाय. पाव कुणासाठी थांबत नाही, हे मी तुला सांगायला नको. उशीर केलास तर दात पडतील.

आणि एक. एका हाताने चमचा धरते, दुसऱ्याने त्यांची मान. निम्मं हनुवटीवरून गळ्यात ओघळतं. परक्या बाईच्या हनुवटीखाली कापड धरलंस, हात थरथरले म्हणून पानभर लिहिलंस. येत्या रविवारी पाद्री पुन्हा तुकडा देणार आहेत. मला तिसरा हात नाही. कापड धरायला ये.

ताई